उद्या बघू

दसऱ्याच्या सकाळी आमच्या गल्लीत वाहनांची पूजा चालते. हल्ली त्यांत मोटारसायकलीच अधिक. पण त्यांच्या रांगेत चार-दोन सायकलीही दिमाखाने उभ्या असतात. हॅन्डलला झेंडूची माळ, मडगार्डवर हळदकुंकवाची बोटे, चाकापुढे फोडलेला नारळ. सायकल अशी नटली की पाहणाऱ्याचे मन प्रसन्न होते. मात्र त्यांपैकी कितींच्या चेनला त्या दिवशी तेलाचा थेंब मिळाला, कितींच्या ब्रेकचे रबर कोणी वाकून पाहिले, हा प्रश्न विचारू नये. विचारायचाच तर आधी स्वतःला विचारावा. मी अनेक वर्षे सायकलीची पूजा मनोभावे केली आणि तिची निगा मात्र 'उद्या बघू' या दोन शब्दांवर सोडून दिली. त्या दोन शब्दांची किंमत पुढे भलत्यालाच भरावी लागली. त्याविषयी आज लिहायचे आहे. सणाच्या दिवसांत असला विषय काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. फराळाच्या चिवड्यातही एखादी मिरची दाताखाली येतेच.

मी शाळामास्तर. सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहितो. माझे शिक्षण बेताचे; तत्त्वज्ञानाचे ग्रंथ मी वाचले ते बाहेरूनच. पण एक प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. ज्या माणसाने वाईट असे काही केलेलेच नाही, ज्याच्या मनात कुणाचे वाईट नव्हते, ज्याने केवळ एक गोष्ट करायची राहू दिली, तो दोषी ठरतो काय? हयगय हे पाप म्हणावे, की नुसता स्वभाव?

दिवाळीची सुटी लागली की कॅरिअरला पिशव्या बांधून लांबच्या प्रवासाला निघायचे, ही माझी जुनी खोड. कोल्हापुराहून कधी आंबोली उतरून सावंतवाडीला, कधी गगनबावड्यावरून तळकोकणात, कधी आंबा घाटाने रत्नागिरीला. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, वाटेत चहा, रात्री एखाद्या ओळखीच्या घरची पडवी. या प्रवासात एक मौज आहे. मोटारीत बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो. सायकलीवरच्या माणसाला तो मांड्यांत कळतो. चढ केवढा, वारा कुठून, डांबर उखडले आहे की गुळगुळीत आहे, याचा हिशेब अंगच मांडत असते. आणि सायकलीचे सारे दुखणे हेही शेवटी आपल्याच अंगावर येते. चाकात हवा कमी असेल तर ती तूट आपल्या श्वासाने भरून काढावी लागते. चेन कोरडी पडली असेल तर तिची कुरकुर गुडघ्यांना ऐकू येते.

लहानपणापासून माझ्या मनावर तीन पारशी तरुणांचे गारुड होते. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा जण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांनी लिहिलेले प्रवासाचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यांची वाळवंटे, त्यांची जंगले, त्यांची उपासमार, एवढेच मी मनात धरून ठेवले. साडेचार वर्षे ज्या सायकलीवर बसायचे तिचे पंक्चर किती वेळा काढले असेल, चाकाच्या तारा किती संध्याकाळी ताणल्या असतील, रोज रात्री अंग मोडून आलेले असताना हातात पान्हा घेऊन कोण बसले असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही. शौर्य मला मांड्यांत दिसले. बोटांत दिसले नाही. त्यामुळे सायकलीचा प्रवास म्हणजे सोसणे, आणि जितके अधिक सोसावे तितका माणूस मोठा, अशी माझी समजूत झाली. सीट टोचते, टोचू द्यावी. हाताला मुंग्या येतात, येऊ द्याव्यात. सुखसोय पाहणारा तो कच्चा.

२०१४ सालच्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा सांगलीहून आमच्याकडे आला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. 'मामा, मलाही यायचंय,' म्हणाला. मला आनंद झाला. माझी जुनी सायकल मी त्याला मोठ्या उदारपणाने देऊन टाकली. दसऱ्याला तिला माळ घातली होतीच. आता ती नुकतीच धुतलेली, चकचकीत. तिची सीट मात्र माझ्या उंचीला बसवलेली होती आणि भाचा माझ्याहून चांगला चार बोटे बुटका. सीट खाली घ्यायला गेलो तर नळी गंजून फ्रेममध्ये अशी घट्ट बसलेली की हलेना. दोन-तीन हिसके दिले आणि म्हटले, 'असू दे. सवय होईल.'

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही मलकापूरला पोचलो. उंच सीटवर बसल्यामुळे पायडल खाली गेले की त्याचा पाय पुरत नसे. कंबर डावी-उजवीकडे हलत राही आणि अंगाचा सारा भार हातांवर येई. तो बोटे झाडीत म्हणाला, 'मामा, करंगळ्या बधिर झाल्यात.' मी हसून म्हटले, 'सोसायला शीक. सायकलवर निघालोय आपण, पालखीत नव्हे.' मग थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, 'मागचा ब्रेक पार हॅन्डलला टेकतोय. बघायचा का?' आम्ही चहाच्या टपरीवर होतो. समोरच एक सायकलचे दुकान होते. त्याचे शटर अर्धे खाली ओढलेले होते, आत दिवा जळत होता आणि कोणी तरी हात पुशीत होते. हे सारे मला आजही दिसते. मी चहाचा पेला तोंडाला लावला आणि म्हटले, 'उद्या बघू.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गार हवेत निघालो. दुकान उघडायला अवकाश होता आणि मला ऊन तापण्याआधी घाट गाठायचा होता. आंबा घाटाच्या उतारावर मी पुढे होतो. त्यामुळे काय झाले ते मी पाहिले नाही, ऐकले. ब्रेकची तार लिव्हरच्या तोंडाशी पदर पदर तुटत आलेली होती. उरलेल्या दोन-चार पदरांवर घाटाचा ताण आला आणि तेही गेले. पुढचा ब्रेक शाबूत होता; पण बधिर बोटांनी तो दाबला गेला तो उशिरा, आणि मग एकदम. वळणावर पावसाळ्यात वाहून आलेली खडी होती. चाक घसरले. पोरगा कठड्यावर जाऊन आदळला.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला खाली साखरप्याला सोडले, तेथून रत्नागिरी. डाव्या हाताचे मनगट मोडले होते. अक्का रात्री येऊन पोचली. तिने विचारले, 'झालं तरी कसं?' मी म्हटले, 'खडीवरून चाक घसरलं.' यात खोटे असे एक अक्षरही नव्हते. भाचा खाटेवर पडून ऐकत होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि आईला म्हणाला, 'मीच जरा जोरात होतो.' त्या सतरा वर्षांच्या मुलाने मला पदराखाली घेतले आणि मी मुकाट्याने गेलो.

हाड सांधले. मनगट मात्र पहिल्यासारखे वळत नाही. आजही तो पाण्याची भरलेली बादली उचलताना आधी इकडेतिकडे पाहतो आणि कोणी पाहत नसेल तर ती डाव्या हातातून उजव्या हातात घेतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अपघातामागे एखादा खलपुरुष लागतो. या गोष्टीत तो कुठे सापडत नाही. माझे भाच्यावर प्रेम होते, हेतू चांगला होता, सायकल मी आनंदाने दिली होती. हेतू शुद्ध असला की माणूस सुटतो, असे आपण एरवी धरून चालतो. पण आपल्याकडच्या जुन्या कथा याबाबतीत बऱ्याच कठोर आहेत. महाभारतातला नृग राजा दानशूर. त्याने दान दिलेली एक गाय चुकून परत त्याच्याच कळपात आली आणि न ओळखता त्याने ती दुसऱ्या ब्राह्मणाला देऊन टाकली. एवढ्यासाठी तो सरडा होऊन विहिरीत पडून राहिला आणि पुढे श्रीकृष्णाने त्याला बाहेर काढले. लहानपणी मला ही शिक्षा भयंकर अन्यायाची वाटे. आता वाटते, राजाने हजारो गाई दिल्या, त्यांचा थाट केला. पण गोठ्यात उतरून कधी मोजदाद केली होती काय? देण्याचा हात सैल होता आणि पाहण्याचा डोळा मिटलेला होता. माझी सायकलही मी अशीच दिली.

कायदासुद्धा हेतूपाशी थांबत नाही. हयगयीने घडवलेल्या मृत्यूचे कलम दंडसंहितेत १८७० मध्ये घालण्यात आले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहेच. म्हणजे मारायचे नव्हते एवढे म्हणून भागत नाही. पाहायला हवे होते आणि पाहिले नाही, याचाही जाब असतो. 'माहीत नव्हते' आणि 'पाहिले नाही' यांत मोठे अंतर आहे. तार तुटत आली आहे हे मला माहीत नव्हते, हे खरे. पण ते माहीत होण्यासाठी टपरीवरून उठून चार पावले जायचे होते. हयगय म्हणजे काही न करणे, असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती एक कृतीच असते. नजर बाजूला वळवण्याची कृती, आणि ती आपण दिवसातून अनेक वेळा करतो.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, संसारात माणसाने किती म्हणून बघायचे? शाळा आहे, पोरेबाळे आहेत, आजारपणे आहेत. काही ना काही उद्यावर टाकावेच लागते. हे मला मान्य आहे. माझ्या कादंबऱ्यांची निम्मी प्रकरणे उद्यावरच उभी आहेत. म्हणून मी स्वतःपुरती एक साधी कसोटी ठरवली आहे. जे राहून गेले तर त्याचा भार माझ्या अंगावर येईल, ते खुशाल उद्यावर टाकावे. जे राहून गेले तर दुसऱ्याच्या अंगावर पडेल, त्याला उद्या नाही. माझ्या सायकलीची चेन वाजत असेल तर ती मी वाजू देईन. तो माझ्या गुडघ्यांचा प्रश्न. पण जी सायकल मी दुसऱ्याला दिली, जिच्यावर दुसऱ्याचा जीव बसणार, तिच्या बाबतीत उद्या म्हणायचा हक्क मला कोणी दिला?

सोसण्याविषयीही मी हेच म्हणेन. कष्टाची थोरवी मी आजही मानतो. परंतु कष्ट हे ज्याचे त्याने आपल्या हाताने आपल्या पानात वाढून घ्यायचे असतात. दुसऱ्याच्या पानात वाढून वर 'खा, चांगले असते' म्हणायचे नसतात. शिवाय सोय आणि चैन यांत मी घोटाळा करीत होतो. चाकात हवा भरलेली धाव जगात रूढ कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. टॉमसन नावाच्या गृहस्थाने तिचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते. पण ती कल्पना विसरली गेली. पुढे बेलफास्ट शहरात डनलॉप नावाचा एक जनावरांचा डॉक्टर होता. त्याचा लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवी आणि तिच्या टणक चाकांना रस्त्याचे हादरे बसत. बापाने रबराची नळी कापडात गुंडाळून चाकाभोवती बसवली, तिच्यात हवा भरली आणि १८८८ साली पेटंट घेतले. जगातल्या कोट्यवधी चाकांतली हवा अशी एका बापाने पोराच्या हादऱ्यांची दखल घेतल्यामुळे आली. हादरे सोसायला शीक, असे त्याला म्हणता आले असते. त्या हवेने प्रवास सुखाचा झाला, आणि वेगवानही झाला. अंगाला जे नीट बसते तेच लांब जाते. बधिर झालेला हात शूर नसतो. तो फक्त उशिरा ब्रेक दाबतो.

हे सारे शहाणपण मला आधीच सुचलेले होते, असे मात्र नाही. कितीतरी वर्षे मी फक्त हळहळत होतो. ती सायकल घरी आणून मी माळ्याखालच्या अडगळीत ढकलली होती. तिच्याकडे पाहवत नाही, असे मी स्वतःला सांगत असे. दरवर्षी भाऊबीजेला सांगलीला जायचो, अक्का ओवाळायची, मी तबकात ओवाळणी टाकायचो, आणि निरांजनाच्या उजेडात तिच्या तोंडाकडे बघायचे टाळायचो. अखेर २०२४ च्या भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर, मी तिला मलकापूरची टपरी, अर्धे शटर, पोराचे दोनदा बोलणे आणि माझे उत्तर, सारे सांगितले.

अक्का रडेल, रागावेल किंवा जाऊ दे म्हणेल, अशी तिन्ही उत्तरे माझ्या मनात तयार होती. ती काही वेळ तबकातल्या सुपाऱ्या सारख्या करीत राहिली. मग म्हणाली, 'ती सायकल कुठाय?'

'अडगळीत पडलीय.'

'तशीच?'

'तशीच.'

'मग इतकी वर्षं तू केलंस काय?'

वाईट वाटून घेत होतो, हे त्याचे खरे उत्तर होते. ते माझ्या तोंडून निघाले नाही, कारण ते किती पोकळ आहे हे मला त्याच क्षणी ऐकू आले. पश्चात्ताप हा मी मोठा भार समजत होतो. वस्तुतः ती मला अंगाला बरोबर बसलेली एक सीट झाली होती. तिच्यावर बसून मी दहा वर्षे आरामात काढली, आणि तुटलेली तार तुटलेलीच होती. मलकापूरला म्हटलेला 'उद्या' अजून संपलाच नव्हता.

घरी आल्यावर मी सायकल बाहेर काढली. सीटच्या नळीत रोज थोडे पातळ तेल सोडले. सातव्या-आठव्या दिवशी ती कुरकुरली आणि फिरली. गंज काढून तिला ग्रीस लावले, म्हणजे पुन्हा बसणार नाही. ब्रेकच्या दोन्ही तारा आणि चारही रबरे बदलली. चेन मोजली. सायकलीच्या चेनच्या दोन पिनांतले अंतर अर्धा इंच असते. म्हणून चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. त्या एक सोळांश इंचाने वाढल्या तर चेन बदलावी. एक अष्टमांशाने वाढेपर्यंत थांबलात तर तोवर तिने चक्राचे दातही खाल्लेले असतात. माझी चेन त्याच्याही पुढे गेली होती. चेन आणि फ्रीव्हील दोन्ही टाकावी लागली. हयगयीचे असेच असते. एका कडीची झीज शेजारच्या दातावर जाते, आणि दात बिचारा निरपराधी असतो.

आता प्रवासात मुक्कामाला पोचल्यावर मी चहाच्या आधी दहा मिनिटे सायकलीजवळ बसतो. टायरवरून बोट फिरवून काटा, काच चाचपतो. चाकाच्या तारा बोटाने छेडतो; सैल तार बद्द वाजते. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस तारा असत. मागे ओझे अधिक म्हणून आठ अधिक. चेन फडक्याने पुसून कडीकडीवर थेंब तेल सोडतो आणि वरचे तेल पुन्हा पुसून घेतो, नाही तर धूळ धरते. दोन्ही ब्रेक आवळून सायकल पुढे ढकलून पाहतो. सोबत कोणी असेल तर आधी त्याची सायकल, मग माझी. आणि कोणी काही दुखते म्हटले की ते ऐकतो. ओझेही कमी केले आहे. घरात तीन सायकली होत्या. ज्यांच्याकडे बघणे होत नव्हते त्या दोन, दुरुस्त करून, देऊन टाकल्या.

तिसरी ही. यंदाच्या मे महिन्यात भाचा आला होता. आता तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. मी सायकल अंगणात काढून ठेवली. त्याने ती ओळखली; काही बोलला नाही. हॅन्डलजवळची नवी तार त्याने अंगठ्याने चाचपली, ब्रेक दोनदा आवळून पाहिला आणि टांग टाकून बसला. अंगणात एक फेरी मारून माझ्यापुढे येऊन थांबला. पुढचा ब्रेक उजव्या हाताने दाबला. मागचा डाव्या, त्या मनगटाच्या हाताने.

'मामा,' तो म्हणाला, 'सीट अजून जरा उंच होतेय.'

मी आत जाऊन पान्हा घेऊन आलो.